गोळ्यांचं गाऱ्हाणं

सर्व मंडळींनी कृपया शांत व्हावं. टीव्हीचा आवाज बारीक करा, कुकर उतरवा. मी आता जी बाब जाहीर करणार आहे ती आजवर कुठल्याही सरकारला, पंचायतीला किंवा शास्त्रज्ञाला धड उमगलेली नाही. मला मात्र ती एका धर्मादाय हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीत बसून, अर्धवट पेंगत असताना उमगली. बाब अशी : माणूस एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात जातो तेव्हा त्याच्याबरोबर सगळं जातं, फक्त त्याची औषधं जात नाहीत.

आता बसलात तरी चालेल.

खोटं वाटत असेल तर आमच्या पोर्चमध्ये, ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दाराशी उभे राहा. आधी पेशंट चढतो. मग उशी, कांबळं, पेजेसाठी उकडे तांदूळ, शहाळी, देवाचा अंगारा, मुंबईहून आलेल्या भावाचा चार्जर. एका म्हातारीबरोबर तर तिची आडाळी चढली होती, कारण आपण नसताना सून ती विळी शेजारणीला देऊन टाकील असा तिला दाट संशय होता. आणि गोळ्या? गोळ्या घरी, खिडकीत, देवाच्या कॅलेंडरखाली.

हा विसरभोळेपणा असता तर गोष्ट सोपी होती. पण आमच्या किनाऱ्यावरची माणसं औषधं विसरत नाहीत, मुद्दाम ठेवून जातात. का, तर नवा डॉक्टर रागावेल. जुन्या डॉक्टरच्या गोळ्या घेऊन नव्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पहिल्या बायकोचा फोटो खिशात घालून दुसरी मुलगी बघायला जाणं, अशी इथली समजूत. नवीन हॉस्पिटलात माणसानं कोऱ्या पाटीसारखं जावं. मग तिथं विचारतात, "आधी काही औषध चालू होतं का?" आणि सगळं घर एका सुरात सांगतं, "नाय, कायच नाय."

आमच्या वॉर्डातल्या गोळ्या वॉर्डाच्या, त्या ट्रॉलीवरच राहायच्या. मोठ्या हॉस्पिटलात तीच गोळी असेलच असं नाही. असली तरी कागद फिरेपर्यंत आणि मेडिकलवाला जेवून येईपर्यंत एखाददुसरी वेळ चुकायची. पुष्कळ गोळ्या चुकल्या तर चालतं. काही चुकल्या तर चालत नाही. त्या 'काही'पायी आमच्या सिस्टरनी उरलीसुरली ढोपरं झिजवली.

तिला सगळे 'बाय' म्हणत. डॉक्टर, ड्रायव्हर, ट्रस्टी, सगळे. तोंडवलीकडच्या रापणकारांच्या घरातली. बापाचं आणि भावांचं आयुष्य जाळं ओढण्यात गेलं, हिचं पेशंट ओढण्यात. बुटकी, रुंद, टेबलाखाली चपला काढून एक पाय स्टुलावर ठेवून बसलेली. आणि तिला कायम कंटाळा आलेला असे. हे मी थट्टेनं म्हणत नाही. आपण 'नमस्कार' म्हणतो तसं ती "माका कंटाळो इलो हा" म्हणे. सकाळी येताना म्हणे, जाताना म्हणे, बाळंतपण करता करता म्हणे. एकदा कळा देणाऱ्या बाईनंच वैतागून विचारलं, "बाये, कंटाळो तुका इलो काय माका?"

लोक तिला सेवाभावी वगैरे म्हणत तेव्हा तिचं तोंड आंबट होई. "सेवा खंयची मेल्यानो! पेशंट औषधाशिवाय गेलो तर थंयसून फोन कोणाक येता? माका येता. तो फोन घेवचो माका कंटाळो." तिच्या सगळ्या सुधारणांच्या मुळाशी हा एक फोन होता.

बाय सगळ्यांशी मालवणीत बोलायची. तिच्या तोंडून प्रमाण मराठी बाहेर पडू लागली की समजायचं, कुणाची तरी धडगत नाही. "आपण जरा इकडे येता का?" असं ती म्हणाली की आमचा ड्रायव्हर न बघता उलट दिशेला चालू लागे. मला ती नावानं कधीच हाक मारत नसे. "रे खिडकीवाल्या." बस. माझं बारसं फुकट गेलं.

तिच्या ॲप्रनच्या खिशात थर्मामीटर असेल नसेल, जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचं रीळ हमखास असे. पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं की ती ट्रॉलीवरच्या त्याच्या गोळ्या दोन दिवस पुरतील इतक्या काढी, घरातल्या माणसाला पिटाळून घरच्या गोळ्या मागवी, डॉक्टरची चिठ्ठी त्यातच कोंबी आणि ती पिशवी पेशंटच्या मनगटाला बांधी. सलाईन नसलेल्या हाताला. गाठ तिच्या भावांची, जाळ्याला तरंगते बोये बांधायची. ओढली की आवळणारी, भिजली की आणखी आवळणारी. "पेशंट निसटलो तरी चलात," ती म्हणे, "पिशवी निसटाक नको."

पहिल्यांदा तशी पिशवी गेली तेव्हा पलीकडून कुणा शिकाऊ डॉक्टरचा फोन आला. ही गाठ सोडायची कशी? बायनं लगेच प्रमाण मराठी काढली. "सोडायची नाही. आधी आत काय आहे ते बघावं, मग वेळेची गोळी द्यावी. त्यानंतर कात्री घ्यावी. कात्री आहे ना आपल्याकडे?"

ट्रस्टींपैकी एकाला हे फार लागलं. पेशंट म्हणजे काय बाजारातला खेकडा आहे, दोऱ्यानं बांधून पाठवायला? बाय म्हणाली, "कुर्ली तरी बांधल्यार पोचता."

यावर ट्रस्टनं एक समिती नेमली. नाव लांबलचक होतं, त्यात 'सुधारणा' हा शब्द दोनदा येत असे. कांदेपोहे झाले. मोठ्या हॉस्पिटलात जाणाऱ्या रुग्णांच्या औषधांबाबत गांभीर्यानं विचार व्हावा, असं गांभीर्यानं ठरलं. बाय सदस्य होती, ती खुर्चीत झोपली होती. अध्यक्षांनी खाकरून तिचं मत विचारलं तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "पिशवी बांधूक दोन हात लागतत. हय बारा जण बसलास."

पण नुसत्या पिशवीनं भागेना. कोणती गोळी कधी, हे बरोबर जाणाऱ्या माणसाला ठाऊक नको का? बाय समजावून सांगे. ती माणसं माना डोलावत, आणि पोर्चमधून ॲम्ब्युलन्स निघायच्या आत सगळं विसरत. एका सोमवारी मात्र देवळात तिला तीच माणसं दिसली. मानकरी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालत होता, गावाच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागत होता, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला ही मंडळी हात जोडून, एकही शब्द न चुकवता "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. बाय परत आली ती मला म्हणाली, "रे खिडकीवाल्या, ह्येंका कान आसत. माका वाटला होता नाय आसत."

पुढच्या पेशंटच्या वेळी तिनं सगळ्या नातेवाइकांना ॲम्ब्युलन्सच्या दाराशी उभं केलं. चपला काढायला लावल्या. आणि खड्या आवाजात सुरुवात केली :

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुजा लेकरू मोठ्या हॉस्पिटलात जाता हा..."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळ्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तेच्या हाताक ही पिशवी बांधलेली आसा, ती थंयच्या डॉक्टराच्याच हातात पडाक व्हयी..."

"व्हय म्हाराजा!"

"सकाळची निळी गोळी पेजेच्या आदी, सांजची धवी गोळी जेवणामागसून..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण ही पिशवी शिटाखाली नायतर भावजयच्या पर्सात ठेवीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" हे सगळ्यात जोरात. भावजयसुद्धा.

आमचे डॉक्टर दर वर्षी बदलायचे. त्या वर्षीचे घाटावरचे होते, ते लाजून आत गेले. पण त्या पेशंटच्या गोळ्या वेळेवर गेल्या. फोन आला नाही. बाय त्या दुपारी स्टुलावर दोन्ही पाय ठेवून झोपली.

मानकऱ्यांना हे कळायला किती वेळ लागणार! तणतणत आले. "गाराणा घालूचो मान आमच्या घराचो. बायलमाणसान घालूचा न्हय."

"मगे तुमीच येवा," बाय म्हणाली. "माजो घसो तरी वाचात."

आले बिचारे, खांद्यावर पंचा टाकून. आवाज काय, लकब काय! मी तर खिडकीतून टाळी वाजवणार होतो. त्यांनी ग्रामदेवतेला हाक घातली, मग तिच्या भावंडांना, मग पूर्वेच्या सीमेपासून एकेका राखणदाराला. ते पश्चिमेच्या सीमेवर पोचेपर्यंत सलाईनची बाटली संपली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. शेवटी घाम पुसत ते बायकडे बघू लागले.

"सगळा सांगलात," बाय म्हणाली. "गोळी कधी घेवची ता सांगलात?"

मानकऱ्यांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. "ता ऱ्हवला."

त्यानंतर मान बायकडेच राहिला. आता ती निवृत्त झाली आहे, पडवीत बसून सुंगटं, म्हणजे वाळत घातलेली कोळंबी, राखते आणि कावळ्यांना कंटाळते. मोठ्या हॉस्पिटलातून मात्र अजून आमच्या खिडकीत फोन येतो : "पेशंट निघाला ते समजलं हो, पिशवी निघाली का?" हा प्रश्न तिथल्या एका डॉक्टरनं सुरू केला. का, ते सांगायचं तर राजांकडे यावं लागेल.

राजे म्हणजे आमच्या बाजूचे जुने दशावतारी. जन्मभर राजाची कामं केली म्हणून राजे. जत्रेच्या रात्री त्यांनी "कोण आहे रे तिकडे?" म्हटलं की खाडीपलीकडची कुत्री भुंकायची. म्हातारपणी त्यांना कंपवातानं धरलं. आधी हात थरथरू लागले, मग पाय जमिनीला चिकटू लागले, आणि आवाज तर इतका खाली गेला की ऐकायला तोंडाशी कान न्यावा लागे. दिवसातून चार गोळ्या : सकाळ, दुपार, सांज, निजताना. गोळी वेळेवर पोटात गेली की राजे चालत, चहात साखर कमी म्हणून भांडत, बायला "गो बाये, आज नटलंस काय?" म्हणून चिडवत. गोळी चुकली की आतली किल्लीच कुणी काढून नेल्यासारखे होत. अंग लाकूड, तोंड मिटलेलं. फिरत ते फक्त डोळे, आणि त्या डोळ्यांत सगळं कळत असे. तेच बघवत नसे.

हे राजे पावसाळ्याच्या तोंडावर घरच्या पायरीवरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन आमच्याकडे होण्यातलं नव्हतं. सकाळी ॲम्ब्युलन्स लागली. बायनं पिशवी भरली, मनगटाला बांधली. बरोबर राजांचा मुलगा होता, ट्रॉलरवर कामाला जाणारा, हाडापेरानं दांडगा आणि बापापुढे शेळी. गाऱ्हाणं झालं. मुलगा "व्हय म्हाराजा" म्हणाला. स्ट्रेचरवरून राजेही म्हणाले, हळू पण ठासून. गाडी गेली.

दुपारी ॲम्ब्युलन्स परत आली. बायची ड्युटी संपली होती, ती टेबलाखाली पायानं चपला चाचपत होती. तेवढ्यात गाडी धुता धुता ड्रायव्हर आत आला आणि त्यानं टेबलावर पिशवी ठेवली. शिटाखाली मिळाली, म्हणाला.

राजांची पिशवी. जशीच्या तशी भरलेली. वर दोरा नीट गुंडाळून ठेवलेला.

बायनं दोरा हातात घेऊन बघितला. "कापल्यान नाय," ती म्हणाली. "सोडल्यान."

जगात ती गाठ दोन बोटांनी सोडू शकणारी जी मोजकी माणसं आहेत, त्यांतल्याच एकाला तिनं पिशवीबरोबर पाठवलं होतं.

मुलाचा फोन लागेना. वॉर्डाचा वाजून वाजून थांबला. बायनं घड्याळाकडे बघितलं. दुपारची गोळी टळून गेली होती. म्हणजे सकाळी गाडीत बसण्याआधी घेतली तेवढीच. मी म्हणालो, पुन्हा फोन लावून बघतो, ड्रायव्हरबरोबर पिशवी पाठवू, तू घरी जा.

"फोन कोण उचलीत, पिशवी कोणाक मिळात आणि ती परत खंयच्या शिटाखाली जायत?" ती उठली. "चल रे खिडकीवाल्या. थंय जिने आसतले. माका जिन्यांचो कंटाळो."

सबंध रस्ता ती झोपली. पिशवी तिनं स्वतःच्या मनगटाला बांधून घेतली होती. हायवेच्या खड्ड्यांतून ॲम्ब्युलन्स उडत होती, तिची मान इकडून तिकडे पडत होती आणि मांडीवर पिशवी, एखादं पोर घेऊन बसावं तशी. मी जन्मभर नाटकं बघितली, केलीही. इतका दमलेला चेहरा रंगवता येत नाही.

वॉर्डात पोचलो. राजे पलंगावर लाकडासारखे पडले होते. हाताची बोटं वळलेली, जबडा आवळलेला. आम्हाला बघून डोळे तेवढे वळले. मुलगा उशाशी उभा होता. बाय त्याच्यासमोर जाऊन नुसता हात वर करून उभी राहिली, पिशवी लोंबकळत. त्याचा चेहरा उतरला.

"कित्याक?" तिनं विचारलं.

"डॉक्टर रागावतले म्हणान."

"कोण बोललो?"

"सगळेच बोलतत, बाये."

एवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, डोळे तांबारलेले, शर्टाची बटणं एक एक काज चुकून लावलेली. बायनं पदर सारखा केला. मी मागे सरकलो, कारण प्रमाण मराठी येत होती.

"डॉक्टरसाहेब, या रुग्णाची चालू औषधं आणि आमची चिठ्ठी माझ्या हाताला बांधलेली आहेत. यांना कंपवात आहे. आपण रागावणार असाल तर कृपया आत्ताच रागावून घ्या, म्हणजे पुढचं काम करता येईल."

डॉक्टरांनी तिच्या मनगटावरची पिशवी उचलून बघितली. "मी कशाला रागावू? मी सकाळपासून यांच्या मुलाला विचारतोय, आधी काही चालू होतं का. तो म्हणतो, काही नाही. दुपारनंतर यांना बोलता येईना, हात उचलेनात, मला वाटलं मेंदूत काही झालं. स्कॅनला पाठवत होतो." मग पलंगाच्या कठड्याला टेकून म्हणाले, "कालपासून ड्युटीवर आहे हो. मला रागवायलाही वेळ झालेला नाही."

त्यांनीच कात्री आणली. आतल्या गोळ्या बघितल्या, ही आमच्याकडे नाही, मागवली असती तर उद्या आली असती, असं पुटपुटले. राजांना उशांच्या आधारानं बसतं केलं, आधी चमचाभर पाणी देऊन गिळता येतंय ना ते बघितलं. मग गोळी कुटून, पाण्यात कालवून, थेंब थेंब.

आणि मग वाट बघणं. यात काही नाट्य नसतं. बाय ढोपरं धरून पलंगाच्या पायाशी फरशीवरच बसली. डॉक्टर दोन पेशंट बघून परत येऊन भिंतीला टेकले. राजांच्या घशातून आवाज नाही, बोट हलत नाही. मुलाला राहवेना. तो दांडगा गडी तोंड फिरवून रडू लागला. "माज्या हातान बापाशीक लाकूड केलंय."

मला वाटलं बाय आता सोलून काढणार. पण तिला तेवढंही त्राण नव्हतं. "रडा नको रे," ती म्हणाली. "उबो ऱ्हव. हात जोड. परत सांगतंय, नीट आयक."

आणि तिथंच बसून, डोळे मिटून, तिनं गाऱ्हाणं सुरू केलं. खडा आवाज नव्हता, धाप लागल्यासारखा होता. "बा देवा म्हाराजा..."

त्या वॉर्डातली अर्धी माणसं आमच्याच किनाऱ्यावरची. कुणी आचऱ्याचं, कुणी मालवणातलं. हा सूर कानावर पडताच शेजारच्या पलंगाकडची बाई डबा बाजूला ठेवून उभी राहिली. मग पलीकडचा म्हातारा. मग सगळेच.

"ह्या लेकराची पिशवी आता डॉक्टराच्या हातात पडली हा..."

"व्हय म्हाराजा!"

"हो डॉक्टर रागावणारो न्हय, दमलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" डॉक्टर ओशाळून हसले.

"सकाळची गोळी उठल्याबरोबर, सांजची दिवेलागणीक, निजतानाची दुधाआदी..."

"व्हय म्हाराजा!" सगळा वॉर्ड म्हणाला. मुलगा म्हणाला, मी म्हणालो. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही.

पुढचं वाक्य बोलायला बायनं श्वास घेतला, तेवढ्यात वरून, पलंगावरून एक खरखर ऐकू आली. गंजलेलं दार उघडावं तशी. वळलेली बोटं सुटी होऊन चादरीवर ताल धरल्यासारखी हलत होती. राजांनी जबडा एकदा इकडून तिकडे फिरवला, ओठ ओले केले, आणि खाडीपलीकडची कुत्री जागी व्हावीत अशा आवाजात विचारलं :

"आणि दुपारची गोळी काय तू खातलंस गो, बाये?"